दोन भोंग्यांच्या मध्ये

हानावाबाई वाक्य अर्ध्यावर सोडायच्या आणि थांबायच्या. "तोगाशीसान, ते धक्क्यावरचं धुकं जरा…" एवढं म्हणून त्या माझ्या चित्राकडे नाही, कुठेतरी भिंतीपलीकडे बघत उभ्या राहायच्या. चहाचा घोट घेऊन पेला खाली ठेवावा एवढा वेळ जायचा. मग शांतपणे, जणू मध्ये काही घडलंच नाही अशा आवाजात, "…पातळ करता का?"

नवीन माणूस त्या मधल्या जागेत हमखास तोंड घालायचा आणि हमखास चुकीचं बोलायचा. आम्ही जुने कधी घालत नसू. आमच्या कुशिरो बंदरातल्या माणसाला हे कळतं, कारण हानावाबाई तोमासाकिच्या. किनाऱ्यानं पूर्वेकडे गेलं की टोकाला जे गाव लागतं, ते. उन्हाळा आला की तिथे धुकं उतरतं आणि सगळा उन्हाळा मुक्काम ठोकतं. समोरचं घर दिसत नाही, स्वतःच्या हातातली बादली जेमतेम दिसते. अशा दिवसांत टेकाडावरचा जहाजांसाठीचा भोंगा वाजायचा, आणि तो एवढा मोठा की तो चालू असताना बोलणं शक्यच नसे. मग गाव काय करायचं, तर जिथे असेल तिथे थांबायचं आणि भोंगा संपला की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचं. मास्तर थांबायचे. मयताच्या घरी मंत्र म्हणणारा भिक्षू थांबायचा. भांडणारेही थांबायचे. शिवी अर्धी राहिली तर भोंग्यानंतर ती पुरी करायची रीत होती, पण तेवढ्यात कित्येकदा राग उतरून जायचा. तोमासाकित मारामाऱ्या कमी व्हायच्या त्याचं कारण मला हेच वाटतं.

पुढे सरकारनं भोंगे बंद केले. जहाजांना आता आकाशातून वाट कळते म्हणे. भोंगा गेला, पण तोमासाकिच्या माणसांचं थांबणं गेलं नाही.

तो भोंगा द्यायचं काम हानावाबाईंच्या वडिलांकडे होतं. टेकाडावरच्या इंजिनघरात हवा दाबून भरायची, घड्याळ लावायचं, धुकं हटेपर्यंत जागचं हलायचं नाही. माणूस कडक. "हानावांचा भोंगा चुकला म्हणजे सूर्यच चुकला असेल," असं गावात म्हणत. त्यात थट्टा थोडी आणि भीती जास्त. कारण समुद्रावरच्या माणसाला भोंगा आवाजानं ओळखू येत नाही. सगळे भोंगे सारखेच रेकतात. ओळखू येतो तो दोन भोंग्यांमधल्या गप्पपणावरून. एवढा वेळ गप्प म्हणजे तोमासाकि, त्याहून जास्त म्हणजे पुढचं टोक. गप्पपणा चुकला की जहाज खडकावर.

आणि अशा माणसाची बायको गावातली सगळ्यात बडबडी. फुसाबाई दुपारी धुक्यातून डबा घेऊन टेकाड चढायच्या तेव्हा दिसायच्या नाहीत, पण ऐकू यायच्या. "हिला गप्प करायला भोंगाच पाहिजे, म्हणून तर हिनं भोंगेवाला केला," असं बायका म्हणायच्या. मित्सुए, म्हणजे आमच्या हानावाबाई, शाळेत असतानाच फुसाबाई गेल्या. त्यानंतर वडिलांनी त्यांचं नाव घरात कधी काढलं नाही.

आता आमच्या कारखान्याबद्दल. कारखाना कसला, जाळी विकणाऱ्या दुकानाच्या माडीवरची एक खोली. तिथे आम्ही गोष्टीचे खेळ बनवत असू. चित्र दिसतं, खाली अक्षरं उमटतात, बटण दाबलं की पुढचं वाक्य. मी चित्रं काढायचो. धुकंच जास्त काढलं, त्याचा मला अजून राग आहे. आयुष्यभर करडा रंग कालवून माणसाच्या हाती काय लागतं?

कंपनी काढली मुनाकातासाननी. आता ते नाहीत. लेखकांना यंत्राची धास्ती वाटते हे ओळखून त्यांनी स्वतःची एक छोटी भाषा बनवली होती आणि तिला नाव दिलं होतं नागि, म्हणजे वारा पडून समुद्र निवांत होतो ती वेळ. नागित लिहायचं सोपं. "हारु येते. हारु बोलते. पाऊस." बस. यंत्राला हे समजेल असं करून द्यायचं काम नागि करायची. पण तिच्याकडे शब्द मोजकेच. लेखकाला त्यापलीकडचं काही हवं असेल तर मुनाकातांनी एक खिडकी ठेवली होती. ओळीच्या सुरुवातीला काळी चांदणी काढायची, की त्या ओळीपुरती नागि बाजूला व्हायची आणि लिहिलेलं थेट खेळाच्या यंत्राच्या कानात जायचं, त्याच्या मूळ भाषेत, त्याच्या मूळ हुकमात. चुकलं तर सगळा खेळ आडवा. म्हणून लेखक त्या चांदणीपासून चार हात लांब असत.

हानावाबाई आमच्याकडे आल्या त्या नुसत्या टंकलेखनाला. त्याआधी मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या कचेरीत होत्या. लेखकांचे कागद नागित उतरवायचे, एवढंच काम. पण काही महिन्यांतच त्या मुनाकातांच्या टेबलापाशी उभ्या दिसू लागल्या. "साहेब, दोन माणसं बोलताना मध्ये जे…" थांबायच्या. मुनाकाता पेन खाली ठेवून वाट बघायचे. "…नसतं, ते कसं लिहायचं?"

नागित 'थांब' असा शब्द होता, पण तो ढोबळ. एवढे क्षण थांब, संपलं. बाईंना ते पुरेना. त्यांना हवं होतं की लाट मागे सरेपर्यंत थांब. तिचा श्वास बाहेर पडेपर्यंत थांब. वाचणाऱ्यानं बटण दाबलं तरी थोडं न ऐकल्यासारखं कर. हे सगळं चांदणीच्या खिडकीतूनच होण्यासारखं होतं, आणि बाई यंत्राचे ते मूळ हुकूम एकेक करून शिकल्या. त्यांनी केलेलं पान उघडलं की ओळ बोलण्याची आणि तीन ओळी चांदण्यांच्या. मुनाकाता म्हणायचे, "हानावासान, मी भाषा बनवली ती लोकांनी बोलावं म्हणून. तुम्ही तिला गप्प बसायला शिकवताय."

आमचा एकच खेळ खऱ्या अर्थानं चालला, 'धक्क्यावरची हारु'. त्यात शेवटी हारु धुक्यात धक्क्यावर बसते, तिचा मित्र गाव सोडून चाललेला असतो, बोट येईनाशी झालेली असते. दोघं फार काही बोलत नाहीत. मधूनमधून भोंगा वाजतो आणि तो वाजला की दोघं गप्प होतात. ह्या प्रसंगासाठी बाईंनी एक जुनी टेप शोधून काढली होती. लहानपणी मामानं दिलेला टेपरेकॉर्डर घराच्या कुंपणावर ठेवून त्यांनी एका दुपारी भोंगा भरून घेतला होता. त्या उन्हाळ्यात इंजिनघराचं घड्याळयंत्र दुरुस्तीला गेलेलं. वडील मनगटावरचं घड्याळ बघत हातानं भोंगा देत होते. टेपवरून आम्ही आवाज एकदाच उचलला, एका भोंग्याचा. मधले गप्पपणे बाईंनी टेपला कान लावून एकेक मोजले आणि चांदणीच्या ओळींत लिहिले. काम होतंय तोवर टेपरेकॉर्डरनं टेप खाऊन टाकली. म्हणजे वडिलांचे ते गप्पपणे जगात कुठे उरले असतील तर त्या चांदण्यांत.

वडिलांनी मात्र खेळ कधी पाहिला नाही. "खेळण्यात भोंगा? माणसं त्याच्यावर जीव सोपवून यायची," म्हणाले होते, आणि विषय संपला होता.

अलीकडे ते कुशिरोत नदीकाठच्या वृद्धाश्रमात असतात, अंथरुणाला खिळून. तेही वाक्य अर्ध्यावर सोडतात, पण ते मागाहून पुरं होत नाही. "चहा जरा…" म्हणतात आणि थांबतात, थांबलेलेच राहतात. तिथली परिचारिका म्हणते वयाचं आहे. बाई मला म्हणाल्या, "वयाचं नाही. ते भोंग्याची वाट बघतात. वाजला की पुढचं बोलणार." मला हसू आलं, मग आलं नाही. "आणि तोगाशीसान, ते रोज एक वाक्य सुरू करतात. 'तुझी आई…' एवढंच." त्या थांबल्या. मी थांबलो. "…इतक्या वर्षांनी. मला ते पुढचं ऐकायचंय."

एकदा त्यांनी फोनवर भोंग्याचा तो एकटा आवाज नेऊन ऐकवला होता. म्हातारबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "कुठला हा?" बरोबरच होतं. गप्पपणाशिवायचा भोंगा कुठलाही असू शकतो. गप्पपणासकट भोंगा होता तो आमच्या कचेरीतल्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकात, आणि त्याच्यावर 'हलवू नये' असा कागद चिकटवलेला. हलवला की तो कायमचा झोपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारबांना इथे आणता येत नव्हतं आणि याला तिथे नेता येत नव्हतं.

म्हणून 'हारु' नव्यानं काढायचं ठरलं तेव्हा बाईंइतका आनंद कुणालाच झाला नाही. हातात मावणाऱ्या यंत्रावर चालणार होती. उशाशी नेता येणार होती.

नव्या कामाचा प्रमुख होता किशिनामी, सप्पोरोहून आलेला. पोरगा हुशार, वागायला चांगला, फक्त दम धरवत नाही. बाईंची वाक्यं तो पुरी करायचा. "किशिनामीसान, मला ते…" "कागद? हे घ्या." "…दार लावाल का, गार वारा येतोय." त्यानं नवं यंत्र आणलं, नवी भाषा आणली, आणि नागिचं सगळं लिखाण एका झटक्यात नव्या भाषेत उतरवणारी एक करामत लिहिली. त्या करामतीला नागिचे सगळे शब्द येत होते. चांदणी दिसली की मात्र तिला वाटायचं, ही कुणीतरी स्वतःसाठी लिहून ठेवलेली टीप आहे. टीप म्हणून ती ओळ सोडून पुढे जायची.

खेळ धडधाकट चालला. कुठे अडखळला नाही, एक अक्षर गळलं नाही. तपासणाऱ्यांनी पसंतीची मान डोलावली. मीसुद्धा पाहिला आणि काय बिघडलंय ते मला सांगता येईना. एवढंच वाटलं की सगळ्यांना कुठेतरी जायची घाई झालीये.

बाई ती प्रत घेऊन वडिलांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा कोट न काढताच खुर्चीत बसल्या. त्यांनी सांगितलं ते असं. धक्क्याचा प्रसंग लागला, भोंगा वाजला, आणि हारु तो वाजत असतानाच बोलत राहिली. मित्रही बोलत राहिला. पुढचा भोंगा आधीच्या भोंग्याच्या शेपटीवर. म्हातारबा थोडा वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "हे आपल्यातले नव्हेत," आणि भिंतीकडे तोंड केलं. हे एक वाक्य मात्र त्यांनी पुरं केलं, बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्या किशिनामीच्या टेबलापाशी गेल्या. मी ब्रश धुवायचं निमित्त काढून जवळच रेंगाळलो.

"खिडकी हवीये," बाई म्हणाल्या. "चांदणीची."

"ते नाही जमायचं, हानावासान. लिहिणाऱ्याच्या ओळी थेट यंत्रात सोडायच्या? खिडकी ठेवली की चोर येतो."

"मुनाकातासानच्या वेळी कधी आला नाही."

"कारण आत चोरण्यासारखं काही नव्हतं," मी म्हणालो. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत नळापाशी गेलो.

किशिनामी वाईट नव्हता. संध्याकाळपर्यंत त्यानं स्वतः खपून नव्या भाषेत एक नवा शब्द बनवून दिला, 'भोंगा'. लिहिला की भोंगा वाजणार, माणसं गप्प होणार, ठरावीक वेळानं परत वाजणार. "आणि एक," तो खुशीत म्हणाला, "तुमच्या जुन्या ओळी मी बघितल्या. सगळे गप्पपणे जवळपास सारखे आहेत, एकच कुठेतरी लांबलाय. चुकलं होतं. मी सगळे सारखे करून टाकले."

"तो आहे तसा…" बाई म्हणाल्या.

"टेप खेचली गेली असणार. जुन्या टेपांचं होतंच असं."

"…राहू दे."

"पण चूक आहे ना ती."

"असेल. मलाही टेपच वाटली. पण मी जे ऐकलं ते लिहिलं. बाबांचा हात होता तो. मी त्याला सरळ करणारी कोण?"

किशिनामी हिरमुसला. माणसानं केलेलं पक्वान्न समोरच्यानं तोंडात घालून बाहेर काढावं तसं झालं त्याचं. मला बाईंचाही थोडा राग आला. आंधळ्याला एक डोळा मिळत असताना ह्या बाईला डाव्याऐवजी उजवाच हवा. तसं मी म्हणालोही. त्यांनी किशिनामीला हाताला धरून कोपऱ्यातल्या जुन्या संगणकासमोर बसवलं, धक्क्याचा प्रसंग लावला आणि स्वतः डबा खायला निघून गेल्या.

खिडकीबाहेर बंदरात दुपारचं धुकं येत होतं. जाळीवाल्याचं दुकान, समोरचा बर्फाचा कारखाना, क्रेन, एकेक करून पुसलं गेलं. पडद्यावरही माझंच करडं धुकं. हारु बसली होती. भोंगा वाजला. हारुचं वाक्य 'तू गेल्यावर' एवढ्यावर अडलं आणि अडूनच राहिलं. किशिनामीचं बोट बटणावर होतं. मला वाटलं, आता दाबेल. त्याला जिन्यावरसुद्धा दोन-दोन पायऱ्या लागतात. त्यानं दाबलं नाही. पुढचं वाक्य आलं, पुन्हा भोंगा, पुन्हा ते थांबणं. हिटरवरची किटली वाजायला लागली होती, ती मी उतरवली नाही. बोट येऊन गेली, प्रसंग संपला, तरी तो तसाच बसून होता.

"मी बटण दाबलंच नाही," तो शेवटी म्हणाला. "दाबायचं होतं. हात गेला नाही."

बाई डबा धुऊन आल्या. त्याच्या मागे उभ्या राहिल्या. "किशिनामीसान," त्या म्हणाल्या, "ती खिडकी…"

आणि थांबल्या. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याचं तोंड उघडलं, आणि मिटलं. तो बाहेरच्या धुक्याकडे बघत राहिला. वाटलं, आता टेकाडावर काहीतरी वाजेल.

"…उघडाल?"

"उघडतो," तो म्हणाला. "पण ह्या एका प्रसंगापुरती."

"बाकीच्या ठिकाणीही…"

तो पुन्हा थांबला. आपल्याला हे जमतंय याचं त्यालाच नवल वाटत असावं.

"…लागेलच," बाई म्हणाल्या, आणि किशिनामी हसला, मीही हसलो. आठवड्याभरात नव्या यंत्राला चांदणीची ओळ ओळखू येऊ लागली. बाईंनी जुने हुकूम नव्या यंत्राच्या मूळ भाषेत एकेक करून बसवले. लांबलेला गप्पपणा जिथे होता तिथेच, तेवढाच ठेवला.

प्रत तयार झाली तेव्हा मी गाडीनं त्यांना वृद्धाश्रमात घेऊन गेलो. नदीवर धुकं होतं, पूल अर्धाच दिसत होता. म्हातारबांची खोली स्वच्छ, उबदार. उशाशी अर्धं खाल्लेलं खिमट. खांदे अजून रुंद होते. बाईंनी यंत्र उशीला टेकवून उभं केलं.

"बाबा, धक्का आहे. धुकं पडलंय."

पहिला भोंगा वाजला. हारु गप्प झाली. म्हातारबांचे डोळे मिटलेलेच होते, पण पांघरुणावर डाव्या हाताचं मनगट वळलं. घड्याळ बघताना वळतं तसं. तिथे घड्याळ नव्हतं. पुढचा भोंगा अगदी वेळेवर आला आणि त्यांनी मान किंचित हलवली. त्याच्या पुढचाही आला. बाई खाटेच्या कडेला गुडघ्यांवर बसल्या होत्या. मी दाराशी. इतकी निवांत दुपार मी फार वर्षांत अनुभवली नव्हती.

मग तो लांबलेला गप्पपणा आला. मला माहीत असूनही वाटलं, आता हे म्हणणार, चुकलं. त्यांनी डोळे उघडले आणि बोट वर केलं.

"इथं तुझी आई…" ते म्हणाले.

आणि भोंगा वाजला. बाईंनी ओठ घट्ट मिटले. तो भोंगा मला फार लांबलचक वाटला. संपला.

"…बोलत होती," म्हातारबा म्हणाले. "डबा घेऊन आलेली. मी घड्याळ बघितलं, वेळ झालेली. तिचं अर्धं राहिलेलं. मध्येच कसा वाजवू?"

लहान मुलीसारख्या रडत होत्या बाई, आवाज न करता. मग चेहरा पुसून, कडक माणसाची मुलगीच ती, त्यांनी विचारलं, "आणि जहाजं होती ना बाबा समुद्रात?"

"जहाजं," म्हातारबा म्हणाले, आणि थांबले. पडद्यावर भोंगा वाजला. आम्ही तिघंही त्याच्यासाठी गप्प बसलो.

"त्यांच्यावरच्या माणसांनाही बायका होत्या."